नावाचे गाव

लांबलचक मजकुराऐवजी एकच आटोपशीर शब्द वापरायचा असे कोणी ठरवले, म्हणजे त्या शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्याच्या मनात पक्का असतो. परंतु तोच शब्द पुढे दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या ठिकाणी, वेगळ्याच शब्दांच्या शेजारी वापरला, तर त्याचा अर्थ ठरवणाऱ्याच्या गावचा मानायचा की वापरणाऱ्याच्या गावचा, हा भाषाविचारातील एक मूलभूत प्रश्न आहे. रोजच्या बोलण्यात तो फारसा जाणवत नाही, कारण ऐकणारा माणूस प्रसंग पाहून योग्य तो अर्थ घेतो आणि पुढे जातो. संगणकाला मात्र प्रसंग दिसत नाही. त्यामुळे संगणकाच्या भाषेत नवा संक्षेप घडवणाऱ्याला अनेकदा असा अनुभव येतो की व्याख्या अक्षरशः बरोबर आहे, वापरही नियमाप्रमाणे आहे आणि तरीही निष्पन्न काही भलतेच झाले आहे. या भलतेपणाचे मूळ यंत्रात शोधले तर हाती काही लागत नाही. ते नाव आणि अर्थ यांच्या नात्यात शोधावे लागते.

हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो लिस्प या भाषाकुळात. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे या भाषेचे काम सुरू केले आणि १९६० साली तिचे सैद्धांतिक स्वरूप प्रसिद्ध केले. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात माहिती ज्या कंसबद्ध याद्यांनी मांडली जाते, त्याच याद्यांनी प्रोग्रामही लिहिला जातो, आणि म्हणून एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामाचा मजकूर हातात घेऊन त्याची मोडतोड किंवा नवी जुळणी करू शकतो. याच सोयीवर टिमोथी हार्ट यांनी १९६३ साली मॅक्रोची कल्पना लिस्पमध्ये आणली. मॅक्रो म्हणजे लेखनसंक्षेपाचा नियम: अमुक आकाराची यादी दिसली की तिच्या जागी तमुक आकाराची मोठी यादी ठेवावी, आणि मग तो विस्तारलेला मजकूर नेहमीच्या पद्धतीने चालवावा. भाषेच्या वापरकर्त्यालाच भाषेत नवी वाक्यरचना घालता यावी, ही मुभा इतक्या सहजपणे देणाऱ्या भाषा थोड्याच आहेत.

मॅक्रो आणि फंक्शन वरून सारखे दिसतात, आणि नवशिक्याचा पहिला घोटाळा तेथेच होतो. फंक्शनला जे दिले जाते त्याचे आधी मूल्य काढले जाते आणि ते मूल्य आत जाते. मॅक्रोला मात्र दिलेला मजकूर जसाच्या तसा, मूल्य न काढता मिळतो. सोयीसाठी नावे मराठीत घेऊन असे समजावे, की (वर्ग क) असे लिहिले म्हणजे (गुणाकार क क) असा विस्तार व्हावा, असा मॅक्रो कोणी लिहिला. (वर्ग ५) याचे उत्तर २५ येते आणि लिहिणाऱ्याचे समाधान होते. पुढे दुसरा कोणी (वर्ग (वाच)) असे लिहितो, ज्यात (वाच) म्हणजे कळफलकावरून एक संख्या घेणे. त्याचा विस्तार (गुणाकार (वाच) (वाच)) असा होतो, यंत्र दोनदा संख्या मागते, वापरणारा गोंधळून आधी ३ आणि मग ४ देतो, आणि १२ हे उत्तर कोणत्याही पूर्णांकाचा वर्ग नसताना वर्ग म्हणून समोर येते. यंत्राने येथे आज्ञेबाहेर काहीही केलेले नाही. 'क' या अक्षराने काय दर्शवायचे, पदार्थ की पदार्थाकडे नेणारे शब्द, एवढाच निर्णय लिहिणाऱ्याच्या नकळत झाला होता.

शब्द आणि पदार्थ यांतील ही फारकत भारतीय व्याकरणपरंपरेने विलक्षण नेमकेपणाने हाताळली आहे. व्यवहारात 'अग्नी आण' असे म्हटले तर निखारे आणले जातात. 'अग्नी' ही अक्षरे कोणी आणत नाही. व्याकरणात मात्र 'अग्नि' याला प्रत्यय लावा असे सांगितले, तर तो निखाऱ्याला लावता येत नाही, शब्दालाच लावावा लागतो. येथे एक बारीक शंका उभी राहते: पदार्थाला प्रत्यय लागणे अशक्य आहे म्हणून शब्दाकडे वळायचे, तर त्या पदार्थाचा वाचक असलेला कोणताही शब्द का चालू नये, 'पावक' किंवा 'ज्वलन' यांनाही तो प्रत्यय का लागू नये? पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात ही शंका मिटवली आहे. शास्त्रात उच्चारलेला शब्द स्वतःच्या रूपाचाच बोध करून देतो, असा त्याचा नियम आहे, आणि त्याला त्याने एकच अपवाद ठेवला आहे तो शास्त्रातील संज्ञांचा, म्हणजे मुद्दाम घडवलेल्या पारिभाषिक नावांचा. 'वृद्धि' ही अशी संज्ञा आहे. शास्त्रात ती आली की तिचे रूप घ्यायचे नसते, तिने दर्शवलेले आ, ऐ आणि औ हे स्वर घ्यायचे असतात. लिस्पच्या भाषेत सांगायचे तर पाणिनीच्या शास्त्रात सर्वसाधारण शब्द अवतरणात असतो आणि संज्ञा तेवढी विस्तार पावते.

या साम्याचा आणखी एक धागा 'इति' या अव्ययात सापडतो, आणि तो इतका सुंदर आहे की त्याच्यापाशी थोडे थांबणे योग्य ठरेल. लौकिक संस्कृतात शब्दानंतर 'इति' आला म्हणजे अर्थ मागे सरतो आणि शब्दाचे रूप पुढे येते, जसे मराठीत 'असे म्हणाला' यातील 'असे' आधीचे शब्द जपून पुढे देते. पाणिनीच्या शास्त्रात मुळातच रूप अभिप्रेत असल्यामुळे तेथे 'इति' नेमके उलटे काम करतो. 'विभाषा' म्हणजे विकल्प, या संज्ञेची व्याख्या करताना पाणिनीने 'न वा' या शब्दांपुढे 'इति' ठेवला आहे, आणि काशिका या प्राचीन वृत्तीने त्याचे प्रयोजन अर्थाचा निर्देश हे सांगितले आहे: 'न वा' ही अक्षरे घ्यायची नाहीत, त्यांचा 'किंवा नाही' हा अर्थ घ्यायचा. लिस्पमधील मॅक्रोचा साचा याच रीतीने लिहिला जातो. साच्याच्या सुरुवातीला एक उलटे अवतरणचिन्ह येते, त्यामुळे पुढचा सगळा मजकूर रूपाने घेतला जातो, आणि ज्या शब्दाचे रूप टाकून मूल्य घ्यायचे त्याच्या आधी स्वल्पविराम दिला जातो. हा स्वल्पविराम म्हणजे त्या साच्यातील 'इति' होय. वैयाकरण भर्तृहरीने शब्दाला प्रकाशाची उपमा दिली ती याच जाणिवेतून: प्रकाश जसा स्वतः दिसतो आणि इतर वस्तूही दाखवतो, तसा शब्द स्वतःचे रूपही कळवतो आणि अर्थही. दोन्ही कामे तोच करत असल्यामुळे त्यांतले कोणते चालू आहे हे नुसत्या शब्दाकडे पाहून सांगता येत नाही.

एवढे समजून घेतलेला मनुष्यही दुसऱ्या, अधिक खोल घोटाळ्यापासून सुरक्षित नसतो. दोन चलांची, म्हणजे ज्यांत मूल्ये साठवली जातात अशा दोन नावांची, आपसांत अदलाबदल करणारा मॅक्रो घ्यावा. (अदलाबदल अ आ) याचा विस्तार असा ठरवला: (धर ((हंगामी अ)) (ठेव अ आ) (ठेव आ हंगामी)). 'हंगामी' नावाचे एक तात्पुरते चल धरायचे, त्यात पहिल्याचे मूल्य बाजूला काढायचे, पहिल्यात दुसऱ्याचे ठेवायचे आणि दुसऱ्यात बाजूला काढलेले. दोन भांड्यांतील पाणी बदलायला तिसरे भांडे लागते, तसेच हे आहे. हा मॅक्रो शेकडो वेळा बिनचूक चालतो. मग एके ठिकाणी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या चलाचेच नाव 'हंगामी' असते. समजा त्यात ७ आहेत आणि 'कायम' या चलात १२. तो (अदलाबदल हंगामी कायम) लिहितो आणि विस्तार होतो तो असा: (धर ((हंगामी हंगामी)) (ठेव हंगामी कायम) (ठेव कायम हंगामी)). आतल्या तात्पुरत्या 'हंगामी'त ७ येतात, लगेच त्याच्यावर १२ लिहिले जातात, मग 'कायम'मध्ये तेच १२ परत जातात आणि आतले 'हंगामी' आपल्या कंसाबरोबर नाहीसे होते. बाहेरच्या 'हंगामी'त ७ तसेच राहतात, 'कायम'मध्ये १२ तसेच राहतात. चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही, प्रोग्राम थांबत नाही, केवळ अदलाबदल होत नाही.

या घटनेला नावाचे अपहरण म्हणता येईल. वापरणाऱ्याने दिलेला 'हंगामी' त्याच्या गावचा होता. मॅक्रोच्या कंसात शिरताच तेथल्या 'हंगामी'ने त्याला आपल्या घरचा करून घेतले. यावर कॉमन लिस्प या लिस्पकुळातील भाषेत प्रचलित असलेला उपाय असा, की मॅक्रो लिहिणाऱ्याने तात्पुरत्या चलासाठी यंत्राकडून दर वेळी अगदी नवे, कोणाशीही न जुळणारे नाव मागून घ्यावे. हा उपाय खरोखर उपयोगी आहे, पण तो सावध माणसाच्या आठवणीवर अवलंबून आहे आणि प्रश्नाची एकच बाजू सांभाळतो. मॅक्रोने आपल्या गावाहून आणलेल्या नावाचेही अपहरण होऊ शकते, हे त्यात सुटते: वर साच्यात 'ठेव' हा शब्द आहे, आणि वापरणाऱ्याने आपल्या अंगणात 'ठेव' या नावाने दुसरेच काही ठरवलेले असेल, तर मॅक्रोचा 'ठेव' तेथे जाऊन त्या दुसऱ्याच गोष्टीला हाक मारेल.

मॅक्रोच्याही आधी फंक्शनच्या बाबतीत लिस्पने हा प्रश्न एकदा भोगलेला होता. सुरुवातीच्या लिस्पमध्ये फंक्शनच्या शरीरातील बाहेरच्या नावांचा अर्थ ते फंक्शन जेथून बोलावले जाई तेथील परिस्थितीवरून ठरत असे. जेम्स स्लॅगल यांनी लिहिलेल्या एका फंक्शनचे उत्तर त्यामुळे चुकीचे येऊ लागले, तेव्हा हे प्रथम ध्यानात आले, आणि मॅकार्थी यांनीही त्याकडे भाषेतील दोष म्हणूनच पाहिले. १९७५ साली जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी रचलेल्या स्कीम या लिस्पकुळातील भाषेने नावाचा अर्थ ते जेथे लिहिले गेले त्या जागेवरून ठरेल, हे तत्त्व पायाभूत मानले. तेच तत्त्व संक्षेपांना लावण्याचे काम १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि डुबा यांच्या निबंधाने केले. त्यांनी या शिस्तीला आरोग्यशास्त्रातील 'हायजीन' हे नाव दिले. मराठीत त्यासाठी 'सोवळे' हा शब्द चटकन ओठांवर येतो, परंतु त्या शब्दाला माणसांमाणसांत भेद करणाऱ्या रूढीचा वास आहे आणि येथे तर प्रत्येक नावाला सारखाच मान आहे; म्हणून 'स्वच्छ विस्तार' असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते. स्वच्छ विस्तारात मॅक्रोने आणलेले नाव मॅक्रोच्या जन्मस्थळाचा अर्थ जपते, वापरणाऱ्याने दिलेले नाव वापराच्या जागेचा अर्थ जपते, आणि दोघांची अक्षरे एक असली तरी दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. १९९८ च्या स्कीमच्या प्रमाणग्रंथात ही शिस्त भाषेचा अधिकृत भाग झाली. स्कीमच्या परंपरेतून आलेल्या रॅकेट या भाषेसाठी मॅथ्यू फ्लॅट यांनी २०१६ साली मांडलेल्या पद्धतीत तर प्रत्येक नावाबरोबर ते कोणकोणत्या कंसांतून आले याचा संचच ठेवला जातो. नाव म्हणजे नुसती अक्षरे, ही समजूत तेथे औपचारिक रीतीने संपुष्टात आली.

स्वच्छतेने आश्चर्ये संपली असे मात्र नाही. त्यांचे तोंड फिरले. 'जर-ते' असा संक्षेप घडवावा, ज्यात अटीचे जे उत्तर येईल ते पुढच्या मजकुरात 'ते' या नावाने मिळावे, अशी इच्छा स्वाभाविक आहे. कोणी (जर-ते (शोध नाव यादी) (दाखव ते)) असे लिहितो आणि स्कीम किंवा रॅकेट त्याला सांगते की 'ते' नावाचे काहीच येथे नाही. मॅक्रोच्या साच्यात 'ते' आहे, वापरणाऱ्याच्या मजकुरातही 'ते' आहे, पण पहिले एका गावचे आणि दुसरे दुसऱ्या गावचे, त्यामुळे त्यांची भेटच होत नाही. जुन्या लिस्पमध्ये जे अपहरण म्हणून टाळायचे होते, तेच येथे हवे होते. ज्याने हायजीनचे कौतुक नुकतेच ऐकलेले असते, त्याला हा अनुभव विशेष खटकतो.

या ठिकाणी एक तात्त्विक भेद करावा लागतो. काही शब्दांचा अर्थ स्वभावतःच वापराच्या जागेवर अवलंबून असतो. बंद दारावर 'उद्या येतो' अशी चिठ्ठी लावलेली असेल, तर ती कोणत्या दिवशी लावली हे कळल्याशिवाय 'उद्या'ला अर्थ नाही, आणि कोणी लावली हे कळल्याशिवाय त्या 'येतो'मधील येणारा कळत नाही. 'ते', 'येथे', 'आज' हे शब्द असेच आहेत. त्यांना जन्मस्थळाशी बांधून ठेवले तर त्यांचे काम बंद पडते. 'हंगामी' किंवा 'ठेव' हे शब्द तसे नाहीत. त्यांना घडवणाऱ्याने एक नेमके काम नेमून दिलेले आहे. बार्झिलाय, कल्पेपर आणि फ्लॅट यांनी २०११ साली रॅकेटसाठी सुचवलेला मार्ग हा भेद मान्य करतो: 'ते' हे नाव आधी सर्वांसमक्ष जाहीर करावे, त्याचा अर्थ प्रत्येक 'जर-ते'च्या कंसापुरता नव्याने भरला जाईल असे सांगावे, आणि वापरणाऱ्यानेही त्याच जाहीर नावाकडे पाहावे. येथे अर्थाची जागा बदलते, पण चोरून बदलत नाही. स्वच्छता हा मूळ नियम आणि जाहीर केलेली सर्वनामे हा त्याचा अपवाद, ही मांडणी अधिक योग्य वाटते. कारण उलट मांडणीत प्रत्येक नाव संशयित ठरते आणि संक्षेप वापरणाऱ्याला तो घडवणाऱ्याच्या घरातील सर्व भांड्यांची नावे पाठ करावी लागतात.

पारिभाषिक नाव आणि व्यवहारातले नाव यांची अशी टक्कर पाणिनीच्या शास्त्रातही झाली आहे, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण 'नदी' हे आहे. ईकारान्त आणि ऊकारान्त अशा नित्य स्त्रीलिंगी शब्दांना पाणिनीने 'नदी' ही संज्ञा दिली. त्यामुळे 'गौरी' आणि 'वधू' हे शब्द शास्त्रात 'नदी' ठरतात, आणि 'गङ्गा' व 'यमुना' हे आकारान्त असल्यामुळे 'नदी' ठरत नाहीत. पुढे समासाच्या प्रकरणात संख्यावाचक शब्दाचा 'नदी'शी समास सांगणारा नियम येतो, आणि तेथे काशिकेने 'सप्तगङ्ग' व 'द्वियमुन' अशी उदाहरणे दिली आहेत. म्हणजे त्या जागी संज्ञेचा अर्थ सोडून वाहत्या पाण्याचा, लोकांतला अर्थ घ्यायचा आहे. एकाच ग्रंथात एकच शब्द एके ठिकाणी घडवलेला आणि दुसऱ्या ठिकाणी लौकिक, आणि दोन्हीकडे अक्षरे तीच. यासाठी परंपरेने परिभाषा मांडल्या, परिभाषा म्हणजे नियम कसे वाचावेत याचे नियम. घडवलेला आणि लौकिक असे दोन अर्थ समोर आले तर घडवलेला घ्यावा, असे एक परिभाषा सांगते. या शास्त्रात प्रसंगी दोन्ही प्रकारचे अर्थ घेतले जातात, असे दुसरी सांगते. आणि संदेह आला म्हणून नियम टाकून देऊ नये, व्याख्यानावरून नेमका अर्थ ठरवावा, असे आणखी एक सांगते. काशीत राहून अठराव्या शतकात या परिभाषांचा शेवटचा मोठा ग्रंथ, परिभाषेंदुशेखर, लिहिणारे नागेशभट्ट काळे हे महाराष्ट्रीय होते, आणि त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारे फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते.

व्याख्यान म्हणजे गुरुशिष्यांच्या पिढ्यांनी जपलेले स्पष्टीकरण. तेथे अर्थाची जागा माणसांच्या स्मरणात असते; कोठला 'नदी' कोणत्या गावचा हे सूत्रात लिहिलेले नसले तरी शिकवणाऱ्याला ठाऊक असते. यंत्राजवळ असे स्मरण नाही आणि त्याला विचारण्यासारखा गुरूही नाही, म्हणून जे परंपरेने व्याख्यानावर सोपवले ते फ्लॅट यांच्या पद्धतीत प्रत्येक नावाच्या अंगावरच बांधून द्यावे लागले. दोन्हीकडे गरज एकच आहे, कारण नियम कितीही काटेकोर असला तरी तो स्वतःच्या शब्दांचे गाव स्वतः सांगत नाही.

याच उदाहरणमालेत काशिका 'सप्तगोदावर' हाही शब्द देते. गोदावरी ही नदीही आहे आणि 'गोदावरी' हा शब्द ईकारान्त स्त्रीलिंगी असल्यामुळे पारिभाषिक अर्थानेही 'नदी' आहे. एखाद्या विद्यार्थ्याने त्या नियमातील 'नदी'चा अर्थ चुकून संज्ञा असा घेतला आणि पडताळा म्हणून फक्त गोदावरीचा शब्द सिद्ध करून पाहिला, तर त्याचे उत्तर बरोबर येईल आणि चूक जागच्या जागी राहील; ती दिसेल ती 'सप्तगङ्ग' सिद्ध करायला बसल्यावर, जसा अदलाबदलीचा मॅक्रो अ आणि आ यांच्यावर वर्षानुवर्षे खरा ठरतो आणि वापरणाऱ्याच्या चलाचे नाव 'हंगामी' निघेपर्यंत त्यातील दोष कोणालाही दिसत नाही.